आखाजीला बाळ घेऊन गाडीने माहेरी: पुणे ते जळगाव

खान्देशातल्या लेकीला दिवाळी एकवेळ सासरी चालते, आखाजी नाही. झोके, गौराई, खापराची पुरणपोळी, आमरस, दुपारभर ओट्यावर रंगलेले पत्ते, हे सगळं माहेरीच. अडचण एवढीच की आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, येते एप्रिलच्या उत्तरार्धात नाहीतर मेच्या पहिल्या पंधरवड्यात. तेव्हा जळगाव-भुसावळचा पारा 43-44 अंशांच्या आसपास खेळत असतो. त्यात वर्षभरात पहिलं बाळंतपण झालेलं असेल, तर याच आखाजीला बाळ सगळ्यांना दाखवायचं असतं. पणजी वाट बघत असते, मावश्यांचे फोनवर फोन सुरू असतात आणि इकडे पुण्यात नवरा-बायको मोबाइलवर मॅप उघडून बसलेले असतात: चारशे किलोमीटर, आठ तास.

ते आठ तास विसरा. मॅपला बाळ नसतं. तान्हं बाळ बरोबर असलं की प्रवास दोन गोष्टींवर आखायचा: ऊन कधी चढतं आणि बाळाला भूक कधी लागते. किलोमीटर त्यांच्या मागे मागे होत राहतात.

आधी जायचं की नाही, ते ठरवून टाका. बाळ दोन महिन्यांच्या आतलं असेल, दिवस भरण्याआधी जन्मलेलं असेल किंवा वजन नीट वाढत नसेल, तर या वर्षी आखाजी व्हिडिओ कॉलवर करा. पणजीला राग आला तरी चालेल. बाकीच्यांनी निघायच्या आठवडाभर आधी बाळाच्या डॉक्टरांना एकदा दाखवून घ्या आणि तापाच्या थेंबांचा डोस बाळाच्या आजच्या वजनाप्रमाणे कागदावर लिहून घ्या. लसीची तारीखही बघा. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लसींनंतर एक-दोन दिवस ताप आणि चिडचिड असू शकते. म्हणून लस प्रवासाच्या आदल्या दिवशी टोचून घेऊ नका, चार-पाच दिवस आधी उरकून घ्या.

रस्ता आणि मुक्काम

पुण्याहून जळगावला जायचा सरळ रस्ता म्हणजे शिरूर, सुपे, अहिल्यानगर, प्रवरासंगम, छत्रपती संभाजीनगर, सिल्लोड, अजिंठा, फर्दापूर, पहूर, नेरी. पुणे ते संभाजीनगर साधारण 235 किलोमीटर, तिथून जळगाव 160. ज्यांचं गाव चाळीसगाव, पाचोरा, भडगावकडे आहे ते संभाजीनगरहून कन्नडमार्गे उतरतात. धुळे, शिरपूर, नंदुरबारकडच्यांनी नाशिकवरूनच जावं. चांदवड, मालेगाव, धुळे हा महामार्ग रुंद आहे आणि वाटेत थांबायला जागाही भरपूर. धुळ्यापासून जळगावकडे पारोळा, एरंडोल करत येता येतं, पण पुण्याहून जळगावला हा फेरा साठेक किलोमीटरने लांब पडतो.

आता माझं स्पष्ट मत. बाळ सहा महिन्यांच्या आतलं असेल तर संभाजीनगरला मुक्काम करा. "चारशे किलोमीटरला मुक्काम? आम्ही एसटीच्या लाल डब्यात तुला मांडीवर घेऊन आलो होतो," असं कुणीतरी म्हणणारच. म्हणू द्या. एका दमात जायचं म्हटलं तर पहाटे 4 ला पुणे सोडूनही बाळाचे थांबे धरून जळगाव दुपारी एक-दीडला येतं. म्हणजे सिल्लोड ते जळगाव हा शेवटचा टप्पा नेमका भर उन्हात, बाळ कंटाळलेलं, गाडी चालवणारा नऊ तासांचा दमलेला आणि सगळ्यांनाच "आता पोचलोच" ची घाई. बहुतेक चुका याच टप्प्यात होतात: थांबा टाळला जातो, बाळ सीटमधून काढून मांडीवर घेतलं जातं, वेग वाढतो.

त्यापेक्षा पहिल्या दिवशी पहाटे 5 ला निघा, 11 च्या आत संभाजीनगर गाठा, दुपार खोलीत काढा. दुसऱ्या दिवशी साडेपाचला निघालं की साडेनऊ-दहाला जळगाव. ऊन तापायच्या आत बाळ घरात. हॉटेल घेताना वरच्या मजल्यावरची, पश्चिमेच्या भिंतीची खोली नको, ती रात्रीही तापलेली असते. खोलीत किटली आहे का, हे फोनवरच विचारा. वाटी-चमचा उकळायला तीच उपयोगी पडते.

रात्रीच्या प्रवासाचा मोह मात्र टाळा. "थंडाव्यात जाऊ, बाळ झोपेल" हे ऐकायला बरं वाटतं. बाळ झोपतंही. पण मध्यरात्रीनंतर पहाटेपर्यंतच्या वेळात गाडी चालवणाऱ्याचाही डोळा लागतो. त्यातून घरात तान्हं बाळ असलेल्या बापाची झोप आधीच अर्धी असते.

घाटाचं एक सांगून ठेवते. अजिंठ्याचा घाट लहान आहे, फारसा त्रास होत नाही. कन्नडचा औट्रम घाट मात्र कोंडीसाठी बदनाम. एखादा ट्रक बंद पडला की तासन् तास गाड्या जागच्या हलत नाहीत. तिकडून जाणार असाल तर घाट सकाळी लवकर पार करा. आणि घाटात शिरण्याआधी दोन गोष्टी भरलेल्या हव्यात: बाळाचं पोट आणि गाडीची टाकी. कोंडीत अडकलात तर एसी चालू ठेवायला इंधन लागतं.

सीटबद्दल घरात होणारं भांडण

बाळाची सीट घ्यायची म्हटलं की घरातली मोठी माणसं म्हणतात, "मांडी असताना सीट कशाला?" याला भावनेने उत्तर देऊ नका, हिशोबाने द्या. गाडी ताशी 50 च्या वेगाने जाऊन आदळली की 7 किलोचं बाळ क्षणभर शंभरेक किलोच्या जोराने पुढे फेकलं जातं. शंभर किलोचं पोतं कुणाच्या हातात धरून राहील का? आणि धरणाऱ्याने स्वतः पट्टा लावलेला नसेल, तर त्याचं वजनही बाळावरच येतं. कायद्याचंही सांगता येईल: मोटार वाहन कायद्याच्या कलम 194-ब नुसार 14 वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा बाळाची सीट न लावता नेलं तर 1,000 रुपये दंड आहे. पण पोतं जास्त पटतं.

वर्षाच्या आतल्या बाळाची सीट नेहमी मागे तोंड करून लावायची, म्हणजे बाळाचं तोंड गाडीच्या मागच्या काचेकडे. या वयात डोकं जड आणि मान कच्ची असते. टक्कर झाली तर सगळा भार सीटची पाठ घेते, मान वाचते. दोन वर्षांपर्यंत असंच ठेवलं तर उत्तम. अशी सीट पुढे, एअरबॅगसमोर कधीही लावू नका. एअरबॅग उघडली तर ती थेट सीटच्या पाठीवर आदळते आणि तो मार जीवघेणा असतो.

मागे डाव्या बाजूला सीट लावायची दोन कारणं. रस्त्याच्या कडेला थांबल्यावर बाळ डावीकडून, वाहत्या रस्त्यापासून लांब उतरवता येतं. दुसरं, पुण्याहून जळगावकडे सकाळी जाताना सूर्य बराच वेळ समोर किंवा उजव्या हाताला असतो, त्यामुळे डावी बाजू सावलीत राहते.

अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत मागच्या सीटच्या फटीत आयसोफिक्सचे, म्हणजे बाळाची सीट पट्ट्याशिवाय थेट अडकवायचे, लोखंडी हूक असतात. बाळाची सीटही त्या प्रकारची असेल तर लावणं सोपं. नसेल तर गाडीच्या पट्ट्याने बांधा, पण पट्टा सीटच्या कडीतून पूर्ण फिरून क्लिप होण्याइतका लांब आहे का, ते दुकानातच गाडीत लावून बघा. लावल्यावर पट्टा जातो त्या जागी सीट धरून हलवा. बोटाच्या दोन पेरांएवढी हलली तर ती सैल आहे. भाड्याची गाडी करणार असाल तर बुकिंगच्या वेळीच मागे तीन टोकांचा पट्टा आहे का, ते विचारा. सीट जुनी, कुणाच्या घरून आणलेली चालते, पण ती अपघातात सापडलेली नाही आणि तिच्यावरची मुदत संपलेली नाही, याची खात्री असेल तरच.

बाळ बांधतानाचे बारकावे इथेच सांगते, कारण यातच बहुतेकांचं चुकतं. मागे तोंड असलेल्या सीटमध्ये खांद्याचे पट्टे बाळाच्या खांद्याच्या रेषेत किंवा किंचित खालून येऊ द्या. क्लिप लावून पट्टे ओढा आणि खांद्यापाशी पट्टा चिमटीत धरून बघा. चिमटीत घडी आली तर अजून ओढायचा. बाळाला दुपट्यात गुंडाळून पट्टे लावू नका, दुपट्याची जाडी म्हणजे पट्ट्याचा सैलपणा. आधी नुसत्या सुती झबल्यावर पट्टे, मग गरज वाटली तर वरून पातळ दुपटं. टोपडं गाडीत काढा; बाळाची बरीच उष्णता डोक्यातून जाते. सीट इतकी रेललेली हवी की हनुवटी छातीला टेकणार नाही. हनुवटी टेकली की श्वासाची वाट दबते, आणि बाळ आवाजही न करता झोपलेलं दिसतं.

याच कारणासाठी सलग दोन तास ही वरची मर्यादा धरा, तीन महिन्यांच्या बाळाला दीड तासच. आणि कुणीतरी मोठं माणूस मागे, बाळाशेजारी बसलेलं हवं.

सीट प्रवासाच्या दिवशी पहिल्यांदा दाखवू नका. दोन आठवडे आधीपासून दूध पाजून झाल्यावर, बाळ आनंदात असताना कॉलनीत एक चक्कर, मग बाजारापर्यंत, मग तासाभराची. पहिल्या दिवशी ठणाणा करेल, आठवडाभरात सरावेल.

बॅग: एक पायाशी, बाकी डिकीत

बाळाची बॅग डिकीत गेली की संपलं. जाताना वर सासरच्या लोकांनी दिलेल्या पिशव्या येतात, आणि येताना तर बोलायलाच नको. बाळाची एक लहान बॅग मागच्या सीटवर, आईच्या पायाशी. तिच्यात एका वेळेला लागतं ते: सहा-सात लंगोट किंवा डायपर, दोन झबली, मऊ धुतलेली जुन्या साडीची फडकी, ओलं कापड घालायला प्लास्टिकची पिशवी, खाली अंथरायला रबरी कापड, हात धुवायला साबण आणि पाण्याची बाटली, थर्मामीटर, डॉक्टरांनी लिहून दिलेले थेंब आणि माता-बाल संरक्षण कार्ड. आईसाठीही एक जादा कुर्ता; ओकारी आईवरच येते. मागच्या काचेपाशी, फळीवर काहीही ठेवू नका. स्टीलचा डबा, लोणच्याची बरणी, जोरात ब्रेक लागला की सरळ बाळाच्या सीटवर येतं.

डायपर दर तीन तासांनी, आणि घाण झाला की लगेच बदलायचा. उन्हाळ्यात ओलसर राहिलं की जांघेत लगेच लाल होतं. वापरलेला कागदात गुंडाळून पिशवीत, आणि पिशवी घरी किंवा पंपावरच्या कचराकुंडीत. अजिंठ्याच्या घाटात खिडकीतून फेकणारे आपल्यातलेच असतात, हे सांगायला वाईट वाटतं.

दूध, पाणी आणि आईची तहान

सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला उन्हाळ्यातही वरचं पाणी लागत नाही. आईच्या दुधात 85 टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. ऊन असेल तर पाजण्या वाढवा: तीन तासांनी पीत असेल तर दोन तासांनी, मागेल तेव्हा. घरी पोचल्यावर "लेकराचा घसा सुकला, दोन चमचे पाणी दे" हे ऐकायला मिळणारच. त्याचं उत्तर आधीच तयार ठेवा: "डॉक्टरांनी नको सांगितलंय." डॉक्टरचं नाव पुढे केलं की वाद मिटतो. मध मात्र वर्षाच्या आत कुणाच्याही आग्रहाला देऊ नका, बोटाने चाटवूसुद्धा नका. त्यात अशा जिवाणूंची बीजं असू शकतात की ती बाळाच्या आतड्यात वाढून विष तयार करतात.

खरा प्रश्न आईच्या पाण्याचा आहे, आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. आपल्याकडच्या बायका प्रवासात पाणी पीतच नाहीत, कारण वाटेतली स्वच्छतागृहं. घरून निघताना अर्धा ग्लास, मग पोचेपर्यंत ओठ कोरडे. पाजणारी आई असं करू लागली तर डोकं दुखतं, चक्कर येते, दूध उतरत नाही, आणि मग बाळ चिडचिड करतं म्हणून सगळे बाळाकडे बघत बसतात. म्हणून थांबे ठरवताना पहिला निकष बाळाचा नको, आईच्या स्वच्छतागृहाचा हवा. मोठ्या पेट्रोल पंपांवर सोय असावी असा नियमच आहे. शहराबाहेरच्या, ट्रकची गर्दी नसलेल्या पंपावर ती बरी सापडते. नवऱ्याने आधी जाऊन बघून यावं, नळाला पाणी आहे का आणि कडी लागते का. हे काम छोटं वाटतं, पण त्यामुळे बायको पाणी पिते. प्रत्येक पाजणीबरोबर आईचा एक मोठा ग्लास: पाणी, ताक, पन्हं, लिंबू सरबत, काहीही.

पाजायचं गाडी थांबवूनच. चालत्या गाडीत पट्टा काढून पाजणं म्हणजे ते मघाचं पोतं. सावलीत गाडी लावा, एसी चालू, बाकीच्यांना खाली उतरवा, खिडकीला ओढणी अडकवा. पंधरा-वीस मिनिटं. मोठ्या एसटी स्थानकांत हिरकणी कक्ष असतो, पण तो कुलूपबंद निघाला तर हिरमोड होतो, गाडीच बरी. पाजून झाल्यावर ढेकर काढा आणि लगेच सीटमध्ये घालू नका. दहा मिनिटं खांद्यावर, मग सीट. नाहीतर पुढच्या दहा किलोमीटरमध्ये सगळं झबल्यावर.

दूध काढून न्यायचं असेल तर बर्फाच्या पॅकसह चांगल्या आइस बॉक्समध्ये ते 24 तास टिकतं. बाहेर 25 अंशांत चार तास, पण एप्रिलच्या गाडीत 25 अंश कुठे? तेव्हा बाहेर ठेवायचंच नाही. गरम करताना बाटली कोमट पाण्यात उभी करा, गॅसवर नको. पावडरचं दूध लागणाऱ्या बाळांसाठी उकळतं पाणी थर्मासमध्ये आणि मोजलेली पावडर कोरड्या डब्यांत वेगळी. ऐनवेळी मिसळा, मनगटावर थेंब टाकून कोमट झालं का बघा, मग पाजा. बाळाने तोंड लावलेलं उरलं तर तासाभरात ओता. तयार करून ठेवलेलं दोन तासांवर ठेवू नका. बाटल्या वाटेत धुवायची वेळ येऊ नये इतक्या घरूनच उकळून घ्या. वाटी-चमचा सोपा, उकळायलाही आणि स्वच्छ राहायलाही.

सहा महिन्यांच्या पुढच्या बाळाला प्रवासात नवीन काही चाखवू नका. खाण्याचं म्हणाल तर खान्देशात जाताना चिंता नाही, वाटेत केळी आहेत. जळगावच्या केळीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, पण बाळाच्या दृष्टीने तिचा मोठा गुण म्हणजे सालीचं झाकण. हात धुवायचे, साल काढायची, वाटीत कुस्करायचं. मऊ वरणभात घरून डब्यात नेऊन दुपारी खायला घालणं मात्र टाळा, उन्हात तो आंबतो.

ढाब्यावर शेवभाजी आली की नवरा-बायकोने पाळीपाळीने जेवायचं. आईने तिखट खाल्लं म्हणून बाळाचं पोट बिघडतं असं काही नाही. पण तिखटजाळ रश्श्याने आईचंच पोट बिघडलं तर पुढचा प्रवास अवघड.

गाडीत

बाळाला बसवायच्या दहा मिनिटं आधी गाडी सुरू करून आतली हवा थंड करा. सीटच्या पट्ट्यांची लोखंडी क्लिप हाताने चाचपून बघा, उन्हात ती चटका बसेल इतकी तापते. गाडी उभी करताना सीटवर पांढरं सुती कापड टाकून ठेवलं की हा प्रश्न निम्मा सुटतो. एसी 25-26 वर, झोत छताकडे, बाळाच्या तोंडावर नाही. खिडकीला जाळीची पडदी चालते, पण बाळाच्या सीटवर दुपटं टाकून तंबू करू नका. आत हवा कोंडते आणि आपल्याला बाळ दिसत नाही. थांबा जवळ आला की चार-पाच मिनिटं आधी एसी हळूहळू कमी करा, म्हणजे गारव्यातून भट्टीत गेल्यासारखं होत नाही.

बाळाला बंद गाडीत "फक्त दोन मिनिटं" सुद्धा ठेवू नका. उन्हात उभ्या गाडीतलं तापमान दहा मिनिटांत दहा-अकरा अंशांनी चढतं. बाहेर 42 असेल तर आत काय होईल? बाळाचं शरीर मोठ्यांपेक्षा कितीतरी लवकर तापतं. पैसे द्यायला एकजण उतरेल, दुसरा आत. दोघांनाही उतरायचं असेल तर बाळही उतरेल.

आता रडणं. ते होणारच. आधी कारण शोधा: भूक, ओला लंगोट, ऊन तोंडावर, पट्टा कुठे टोचतोय, ढेकर अडकलाय. शेजारी बसलेल्याने हात पोटावर ठेवावा, ओळखीची ओवी, गाणं, काहीही. पाच मिनिटांत थांबलं नाही तर गाडी थांबवा. याच वेळी मागून आवाज येतो, "घे गं मांडीवर, किती रडतंय!" इथे गाडी चालवणाऱ्याने बोलायचं, सुनेवर सोडायचं नाही: "आई, पुढच्या पंपावर थांबतो, मग घ्या तुम्ही." आणि खरंच थांबायचं. एकदा थांबलात की पुढच्या वेळी आजीच म्हणतात, "पंप येऊ दे." महामार्गाच्या कडेला पांढऱ्या पट्टीवर थांबणं मात्र धोक्याचं, पंप, ढाबा, गावचा फाटा, जे आधी येईल ते. झोपेचं किंवा सर्दीचं औषध देऊन बाळाला "शांत" करायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका.

ही लक्षणं दिसली तर पुढचा बेत रद्द: सहा तासांत लघवी नाही, टाळू आत गेलेली, तोंड कोरडं, रडताना डोळ्यांत पाणी नाही, बाळ मलूल आहे किंवा दूध ओढत नाही. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला 100.4 फॅरनहाइट ताप आला तर थेंब देऊन वाट बघू नका, थेट दवाखाना. या वाटेवर अहिल्यानगर, संभाजीनगरचं घाटी रुग्णालय आणि जळगावचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय ही मोठी ठिकाणं आहेत. 108 वर रुग्णवाहिका येते, राष्ट्रीय महामार्गावर मदतीला 1033.

उंबरठ्यावर

गाव दिसायला लागलं की घरी फोन करा, पण "पोचलो" सांगायला नाही. "भाकर-तुकडा आणि पाणी दारात तयार ठेवा" हे सांगायला. नाहीतर बाळ कडेवर घेऊन तुम्ही ओट्यावर उभे, ऊन डोक्यावर, आणि आत भाकरी शोधायची धावपळ. ओवाळून टाकायला दोन मिनिटं पुरतात, ती सावलीत व्हावीत.

आत गेल्यावर बाळ लगेच बारा हातांत फिरू देऊ नका. आधी पाजणं, लंगोट, मग सपाट पाठीवर थोडा वेळ. तासन् तास सीटमध्ये आखडलेलं अंग मोकळं होऊ द्या. झोपलेलं असलं तरी सीटमधून काढाच. ज्यांना घ्यायचंय त्यांनी हात धुऊन, आणि मुका घ्यायचा नाही. पहिली पाळी पणजीची ठेवली की बाकीचे आपोआप रांगेत येतात. तीट गालावर लावू द्या, डोळ्यांत काजळ नको. कूलरचा झोत थेट अंगावर नको आणि टाकीतलं पाणी रोज बदललेलं हवं. झोळीत बाळ झोपवलं तर कुणीतरी समोर बसलेलं असावं, झोळीत मान दुमडते. रात्री गच्चीवर झोपायचं असेल तर मच्छरदाणी, आणि पहाटेच्या गारव्याला एक दुपटं उशाशी.

परतताना

परतीला गाडी जड होते. दादर ज्वारी, उडीद, कुरडया, बिबडे म्हणजे ज्वारीचे पापड, मिरची, केळीचा घड, लोणच्याच्या बरण्या. नको म्हटलं तर माय रुसते आणि घेतलं तर मागचं काही दिसत नाही. पोती डिकीत तळाशी, बरण्या पोत्यांच्या मध्ये. मागच्या सीटच्या पाठीच्या वर काहीही नाही. चाकांतली हवा सकाळी, टायर थंड असताना, भरलेल्या गाडीच्या आकड्याप्रमाणे भरून घ्या. तो आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेला असतो.

दहा-पंधरा दिवस राहिला असाल तर बाळ वाढलेलं असतं, तेव्हा खांद्याचे पट्टे पुन्हा तपासा. खांद्याच्या रेषेखाली फार गेले असतील तर एक घर वर घ्या. आणि जाळीची पडदी डाव्या खिडकीला लावा: सकाळी दक्षिणेकडे निघालं की ऊन आता बाळाच्या बाजूने येतं.